समुपदेशकाच्या पाठीशी कोण?

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
दिंडोरी रोड, म्हसरूळ, नाशिक.



२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेकडे मुलांच्या आणि किशोरांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, ही त्यातली एक. तेव्हापासून गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या क्लासवाल्यांचे, कॉलेजांचे फोन येतात, ‘एखादी चांगली काउन्सेलर असेल तर सुचवा.’ सुचवतो. नेमणूक होते, दारावर पाटी लागते. पण त्या खोलीत मुलाबरोबर नेमकं काय चाललंय हे कोण बघणार, असं आजवर एकाही प्राचार्यांनी किंवा संचालकांनी मला विचारलेलं नाही.

मी नाशिकमध्ये किशोरवयीन आणि तरुण मुलांचं समुपदेशन करतो आणि काही वर्षांपासून या क्षेत्रात नव्याने आलेल्यांच्या कामाचं सुपरव्हिजनही करतो. सुपरव्हिजन म्हणजे समुपदेशकाने आपल्या चालू केसेस अनुभवी माणसासमोर नियमितपणे मांडायच्या, जमेल तिथे सेशनचं रेकॉर्डिंग ऐकवायचं, अडलेली जागा करून बघायची आणि सुधारून पुन्हा मुलासमोर बसायचं. हे होत नसेल तर प्रशिक्षणावर केलेला खर्च बहुतांशी पाण्यात जातो, एवढंच सांगण्यासाठी हे पत्र आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले होते. आपला जिल्हा पंधरा तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार ६१ लाख वस्तीचा. नीटची तयारी करणारी मुलं इथे आहेत, सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळांतली आहेत, मालेगावच्या यंत्रमागांमधून शाळेत येणारी आहेत. यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ पुरणार नाहीत हे आपण जाणताच. म्हणून भिस्त समुपदेशकांवर. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने २०१४ पासून १० ते १९ वयोगटासाठी हीच वाट धरली, आणि आता न्यायालयानेही तीच दाखवली आहे.

या समुपदेशकाची वाटचाल कशी होते ते पाहा. मानसशास्त्रात एम. ए. होतं. मग दोन-तीन दिवसांची एखादी कार्यशाळा, त्यात सीबीटी म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. नंतर लायब्ररीच्या मागची एक खोली आणि महिन्याच्या शेवटी भरून द्यायचा तक्ता: मुलं किती, मुली किती, सेशन किती, पालकसभा किती. वरिष्ठांपर्यंत पोहोचतात ते हे आकडे. कुठल्या मुलाला कुठली पद्धत वापरली, ती पूर्ण वापरली की निम्म्यात सोडली, मुलात फरक पडला का, याचा रकानाच त्या तक्त्यात नाही.

नुसत्या कार्यशाळेने काय होतं, याची तपासणी झालेली आहे. अमेरिकेत रिनाद बेइदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या चिंताविकारावरची सीबीटी ११५ थेरपिस्टना तीन वेगवेगळ्या प्रकारे शिकवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शिकवण्याचा प्रकार कोणता, याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो नंतरच्या महिन्यांत त्यांनी किती तास सल्लामसलत घेतली, याने. जितके तास जास्त, तितकी पद्धत नेमकी आणि हात सराईत. पण सुपरव्हिजनचेही प्रकार असतात. सारा केट बेअरमन यांच्या गटाने २०१७ मध्ये प्रयोग करून दाखवलं, की केसबद्दल नुसती चर्चा करण्यापेक्षा सुपरव्हायजरने ते कौशल्य स्वतः करून दाखवलं, समुपदेशकाकडून रोल प्लेमध्ये करून घेतलं आणि लगेच काय चुकलं ते सांगितलं, तर पुढच्या सेशनमध्ये पद्धत जास्त नीट उतरते.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. गोपनीयतेसाठी अनेक केसेसच्या तपशिलांची सरमिसळ केली आहे, त्यामुळे यातला मुलगा कुणी एक नाही आणि समुपदेशकही.

सुरगाण्याकडचा, अकरावी सायन्सचा, नाशिकला होस्टेलवर राहणारा सतरा वर्षांचा मुलगा. वर्गात सरांनी प्रश्न विचारला की घसा आवळतो, हात थरथरतात. एकदा मुलं हसली, तेव्हापासून वर्ग बंद. समुपदेशक ताईंनी सहा सेशन घेतली होती. भीती म्हणजे काय ते समजावलं, दीर्घ श्वसन शिकवलं, आणि सरांना भेटून सांगितलं, ‘त्याला प्रश्न विचारू नका.’ सुपरव्हिजनच्या ग्रुपमध्ये केस मांडताना त्या म्हणाल्या, “आता बराच शांत आहे तो.”

मी विचारलं, “वर्गात बसतो का?”

“नाही अजून. पण माझ्याकडे न चुकता येतो.”

सामाजिक भीतीवर सर्वांत परिणामकारक ठरलेला भाग म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जाणं. हे ताईंना माहीत होतं. पायऱ्यांचा कोरा तक्ता त्यांच्या फाइलमध्ये होता. तो भरला का नाही, असं विचारल्यावर त्या जरा थांबून म्हणाल्या, “तो रडला तर? मलाच कसंतरी होतं.”

उपचाराचा नेमका हाच भाग समुपदेशक सर्वाधिक वेळा गाळतात. ज्ञान कमी पडतं म्हणून गाळत नाहीत. मुलाला मुद्दाम अस्वस्थ करणं मनाला पटत नाही, म्हणून गाळतात. त्यावर मी व्याख्यान दिलं असतं तर ताईंनी वहीत उतरवून घेतलं असतं, आणि सातवं सेशनही श्वसनातच गेलं असतं. म्हणून त्यांना मुलगा केलं आणि ग्रुपमधल्या दुसऱ्या एकीला समुपदेशक. मग उलट. ताई समुपदेशक झाल्यावर त्यांचं पहिलंच वाक्य होतं, “तुला जमेल तेव्हा कर.” तिथे थांबवलं. जमेल तेव्हा म्हणजे कधीच नाही. दिवस आणि वेळ ठरवा. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “उद्या साडेदहाच्या सुट्टीत कँटीनमध्ये चहा घ्यायचा आणि किती झाले ते स्वतः विचारायचं. आधी भीती दहापैकी किती, नंतर किती, ते लिहून आण.” तिसऱ्या फेरीत समोरची ‘मुलगा’ झालेली सहकारी डोळे पुसायला लागली, आणि ताईंनी घाई न करता तिला रडू दिलं. मग पुन्हा पायरीवर आल्या. त्या पुढच्या सेशनला गेल्या त्या हे हातात घेऊन.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट निघाली. हा मुलगा कोकणा बोलीत चुलतभावाशी दिलखुलास बोलतो. प्रमाण मराठीत तोंड उघडायचं म्हटलं की अडतो. म्हणून पहिल्या दोन पायऱ्या गावाकडच्या मुलांबरोबर, त्यांच्याच बोलीत ठेवल्या. पुढच्या पायऱ्या मात्र तशाच राहिल्या: वर्गातल्या एकाकडे वही मागणं, तास संपल्यावर सरांना शंका विचारणं, शेवटी वर्गात उत्तर देणं. सरांशी केलेला ‘विचारू नका’चा करारही मोडायचा ठरला. पद्धत बाहेरची असेल तर भाषा, उदाहरणं, जागा आपल्या घ्याव्याच लागतात. पण ‘आपल्या मुलांना हे झेपत नाही’ असं म्हणत गाभाच काढून टाकला तर उरतं ते फक्त धीर देणं. कुठे वाकवायचं आणि कुठे नाही, हा निर्णय नवख्या समुपदेशकाने एकट्याने घ्यायचा नसतो.

तीन आठवड्यांनी मुलगा आठवड्यातले बरेचसे तास बसत होता. केमिस्ट्री अजून बुडवत होता. चमत्कार झाला नव्हता, पण गाडी पुढे सरकली होती, आणि सरकली हे वहीतल्या आकड्यांवरून दिसत होतं.

यावर नेहमीची शंका अशी, की एवढे सुपरव्हायजर आणायचे कुठून? उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना नैराश्यावरच्या एका छोट्या उपचारासाठी तयार केलं. माणसाला पुन्हा कामात, माणसांत, आवडीच्या गोष्टींत आणायचं, असा हा सहा ते आठ सेशनचा कार्यक्रम. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या उपचारातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे रुग्ण प्रौढ होते, पण आपल्यासाठी महत्त्वाची आहे त्यामागची व्यवस्था. समुपदेशक गटाने बसायचे, एकमेकांच्या सेशनची रेकॉर्डिंग ऐकायचे आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत. पुढे गट स्वतःच चालवू लागले. त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, हेही तपासलं गेलं. याच संस्थेने पुढे दिल्लीच्या सरकारी शाळांत किशोरांसाठी समस्या सोडवण्याची तीन पायऱ्यांची पद्धत आणली, तीही अशाच समुपदेशकांच्या हातून आणि अशाच गटांच्या आधाराने.

आपल्या जिल्ह्यालाही हे नवं नाही. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने ‘आत्मीयता’ हा उपक्रम पहिल्यांदा करून पाहिला तो नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत. गावातलीच माणसं, सोपी तंत्रं, आणि त्यांच्या पाठीशी नियमित मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते. पुढे तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला आणि त्याचे चांगले निष्कर्ष २०२३ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आले. रोप इथलं, मळा तिकडे फुलला.

आणि अंतर ही सबब होऊ शकत नाही, हे एका मराठी माणसाने टपालाच्या जोरावर दाखवून दिलं आहे. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांना पत्र लिहिलं आणि तो पत्रव्यवहार ३६ वर्षं चालला. विवेकनिष्ठ मानसोपचाराबद्दलच्या शंका, आक्षेप, दुरुस्त्या विमानटपालाने जात आणि उत्तरं येत. पुढे एलिस यांच्या संस्थेने फडके यांना फेलो आणि सुपरव्हायजर म्हणून मान्यता दिली. आज सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या समुपदेशकाकडे मोबाइल आहे. रेंज नसेल तर आठवड्यातून एकदा तालुक्याला येता येतं. वेळ ड्यूटीत धरायची तयारी तेवढी हवी.

समुपदेशक एकटा असण्याची जोखीमही मोठी आहे. एखादी मुलगी सेशनमध्ये लैंगिक अत्याचाराबद्दल सांगते. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलगी म्हणते, कुणाला सांगू नका. संस्था म्हणते, जरा थांबा. किंवा दुपारी साडेचारला एखादा मुलगा मरणाबद्दल बोलतो आणि सहाला त्याची बस असते. त्याच्याबरोबर बसून सुरक्षेची लेखी योजना करायची असते: कुठल्या खुणा ओळखायच्या, कुणाला फोन करायचा, घरातली कीटकनाशकं कुणाच्या ताब्यात द्यायची. द्राक्षाच्या गावात शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. बावीस-तेवीस वर्षांच्या समुपदेशकाने हे सगळं पहिल्यांदा एकटीने करावं, ही अपेक्षा मुलावर आणि तिच्यावरही अन्याय करणारी आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून लोकांसाठी आहे. समुपदेशकाने त्याच दिवशी फोन करावा असा, केस समजून घेणारा माणूस मात्र बहुतेकींना नाही.

हे सगळं आपल्यालाच का लिहितो? मानसशास्त्राच्या पदव्या प्रामुख्याने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात, शाळा शिक्षण विभागाकडे आहेत, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, ज्याचं आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. प्रत्येकाच्या ताब्यात एकेक तुकडा. पण हाताखाली शिकण्याची शिस्त ज्यांच्या रोजच्या कामात मुरलेली आहे, असे लोक आपल्याकडे आहेत. सर्जरीचा निवासी डॉक्टर तीन दिवसांची कार्यशाळा करून एकटा ऑपरेशन थिएटरमध्ये शिरत नाही. सिनियर शेजारी उभा राहतो, हात धरतो, थांबवतो, वर्षानुवर्षं. वॉर्डच्या राउंडला केस मांडावी लागते आणि प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. १९९८ पासून राज्यभरच्या वैद्यकीय, नर्सिंग आणि इतर आरोग्य महाविद्यालयांना जोडणारं आपलं विद्यापीठ ही शिस्त समुपदेशकांपर्यंत नेऊ शकतं. ‘एवढ्या नेमणुका झाल्या’ हा आकडा जाहीर होईलच. आपण त्यामागच्या कामाचा दर्जा सांभाळू शकता. त्यासाठी चार मागण्या.

पहिली. विद्यापीठ फेलोशिप आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवतंच. त्यांत सुपरव्हायजर घडवणारा एक अभ्यासक्रम सुरू करावा. मानसोपचार, मनोरुग्ण परिचर्या, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मानसिक आरोग्यातलं समाजकार्य या चारही बाजूंचे लोक त्यात हवेत. रेकॉर्डिंग ऐकणं, रोल प्ले घेणं, मोजपट्टीवर गुण देणं आणि चूक अपमान न करता सांगणं, हेच विषय आणि याचीच परीक्षा. अनुभवी समुपदेशक आपोआप चांगला सुपरव्हायजर होतो, असं नाही.

दुसरी. जिथे मानसोपचार विभाग आहे अशा प्रत्येक संलग्न वैद्यकीय महाविद्यालयाने आठवड्यातली एक दुपार जिल्ह्यातल्या समुपदेशकांच्या गटांसाठी राखावी. पाच-सहा जणांचा गट, दीड तास, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर. तातडीच्या केससाठी त्याच विभागातून एक फोन नंबर, फक्त समुपदेशकांसाठी.

तिसरी. शिक्षण आणि आदिवासी विकास विभागांबरोबरच्या करारात ही वेळ समुपदेशकाच्या ड्यूटीचा भाग म्हणून लिहून घ्यावी. मानधनावर असलेल्यांना त्या वेळेचं मानधन मिळावं. रविवारी, स्वखर्चाने, हौसेने चालणारं सुपरव्हिजन हौस संपली की बंद पडतं.

चौथी, आणि हीच सर्वांत नाजूक. सुपरव्हायजरने समुपदेशकाच्या कराराच्या नूतनीकरणाचा शेरा लिहू नये. नोकरी ज्याच्या हातात, त्याच्यापुढे कुणी ‘माझं इथे चुकलं’ म्हणत नाही. सगळी सेशन छानच झालेली असतात. रेकॉर्डिंगसाठी मुलाची आणि पालकांची लेखी संमती, ऐकून झाल्यावर ते पुसून टाकण्याचा नियम, आणि केस मांडताना नाव-गाव-शाळा न सांगण्याची शिस्त, हे विद्यापीठाच्या नैतिकता समितीने एकदाच ठरवून द्यावं.

सुरुवात नाशिकपासूनच करता येईल. शहरातली काही कनिष्ठ महाविद्यालयं, सुरगाणा-पेठमधल्या काही आश्रमशाळा आणि मालेगावच्या काही शाळा घ्याव्यात. निम्म्या समुपदेशकांना आताचंच प्रशिक्षण, निम्म्यांना त्यासोबत वर्षभर साप्ताहिक सुपरव्हिजन. मुलांनी स्वतः सांगितलेल्या त्रासाची नोंद दोन्हीकडे सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी घ्यावी. आलेला निष्कर्ष, तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात गेला तरी, छापावा. सुपरव्हिजनमुळे समुपदेशकाचं काम सुधारतं याचे पुरावे भक्कम आहेत. त्यातून महाराष्ट्रातल्या मुलांना किती फायदा होतो, हे मोजण्याची संधी आपल्या दारात आहे.

शाळा-कॉलेजांत आज ज्यांच्या नेमणुका होत आहेत त्यांना पहिल्या वर्षात ज्या सवयी लागतील, त्याच पुढची पंधरा-वीस वर्षं टिकतील. म्हणून अभ्यासक्रमाचा आराखडा तयार करण्यासाठी आपण समिती नेमावी, तिच्यात प्रत्यक्ष शाळेत बसणारे किमान दोन समुपदेशक असावेत, आणि येत्या शैक्षणिक वर्षाच्या आधी पहिली बैठक व्हावी, ही विनंती. बैठकीसाठी लागणारा वेळ, केसेसचा अनुभव आणि आजवर गटांत वापरलेल्या मोजपट्ट्या आम्ही नाशिकचे समुपदेशक विनामूल्य देऊ. मुलांबरोबर बसणाऱ्यांच्या तासांचं मोल मात्र शासनाने आणि संस्थांनीच द्यायला हवं.

कळावे,
आपला,
एक समुपदेशक,
नाशिक